व्रणाचा साक्षी

इतिहासाकडे आम्ही बहुधा लढायांच्या आणि सनावळींच्या वाटेने जातो. भरून येणाऱ्या जखमेचा इतिहास क्वचितच लिहिला जातो. नांदेडच्या गतकाळात मात्र अशी एक जखम आहे, जिच्याशिवाय त्या नगराचा इतिहास सांगताच येत नाही.

१७०८ साली गोदातीरी मुक्कामी असलेल्या गुरू गोविंदसिंगांवर मारेकऱ्याने वार केला. परंपरा सांगते की जखम शिवली गेली, भरत आलेली दिसू लागली. पुढे एक बळकट धनुष्य ओढताना ती पुन्हा उकलली. ७ ऑक्टोबर १७०८ रोजी गुरूजींनी देह ठेवला. तपशिलांत ग्रंथकारांचे मतभेद आहेत. पण वरून मिटलेली जखम आत मिटलेली असतेच असे नाही, हे या कथेचे मर्म आम्हांला विसरता येत नाही.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात हेच बजावले आहे: व्रण रुजल्यावरही तो दृढ होईपर्यंत व्यायाम, क्रोध, भय, इतकेच नव्हे तर हर्षही टाळावा. आधुनिक शल्यशास्त्रही सांगते की तीन आठवड्यांनंतर जखमेच्या जागी त्वचेचे बळ मूळच्या जेमतेम पाव हिस्सा असते. शिवाय पट्टी उघडून पाहावे, तर नवी त्वचा दुखावते. मग आतले कळावे कसे?

संवेदक बसवलेल्या पट्ट्यांवरील संशोधन या प्रश्नातून निघाले आहे. जखमेची ऊब, ओल आणि आम्लता त्या न उघडता टिपतात. निरोगी त्वचा आम्लधर्मी असते. चिघळत राहिलेला व्रण अल्कतेकडे झुकतो. मधुमेहाने वा कुष्ठरोगाने ज्याच्या पायाची संवेदना गेली, त्याला वेदनाही सावध करीत नाही. लातूर-नांदेडच्या काळ्या रानात अनवाणी राबणाऱ्या अशा माणसाच्या वतीने पट्टीने बोलावे, ही अपेक्षा मोलाची आहे. या पट्ट्या अजून बव्हंशी प्रयोगशाळेतच आहेत, हेही येथे नमूद केले पाहिजे.

तथापि साक्षीदार म्हणजे वैद्य नव्हे, आणि विसावाही नव्हे. पट्टी सांगेल की पायावर भार देऊ नका. पण सोयाबीनची काढणी तोंडावर आली असता रोजंदारीवरच्या मजुराने विळा खाली कसा ठेवावा? सुश्रुताने सांगितलेले पथ्य पाळण्याची सवड त्याला मिळणार नसेल, तर जखमेचे अचूक ज्ञान होऊनही ती पुन्हा उकलेल.