धृतराष्ट्राची मिठी आणि डॉन सालिएरी

भारतीय युद्ध संपल्यावर पांडव धृतराष्ट्राच्या भेटीस गेले. अंध वृद्ध राजाने भीमाला आलिंगन देण्यासाठी बाहू पसरले. श्रीकृष्णाने भीमाला मागे सारून लोखंडाचा पुतळा पुढे केला, आणि त्या मिठीत पुतळ्याचा चुराडा झाला. हा प्रसंग देवळाच्या सभामंडपात पुराणिकबुवांच्या मुखातून आपण सर्वांनी लहानपणी ऐकला आहे. त्या मिठीची आठवण आम्हांस अलीकडे फार अनपेक्षित स्थळी झाली. घरातील तरुण मंडळी संगणकाच्या पडद्यावर जे खेळ खेळत बसतात, त्यांपैकी एकाच्या कथेत ती आम्हांस पुन्हा भेटली.

खेळाचे नाव ‘माफिया’. चेक प्रजासत्ताकातील ब्रनो शहराच्या एका संस्थेने रचलेला हा खेळ २००२ साली प्रसिद्ध झाला आणि २०२० साली तो नव्या रूपात पुन्हा निघाला. लॉस्ट हेवन नावाच्या एका कल्पित अमेरिकन नगरात कथा घडते. टॉमी अँजेलो हा साधा टॅक्सीवाला. १९३० सालच्या एका रात्री पळून चाललेले दोन गुंड पिस्तूल रोखून त्याच्या गाडीत शिरतात. त्यांना सुखरूप पोहोचविल्याबद्दल त्यांचा मालक डॉन सालिएरी त्याला भरघोस बिदागी देतो. पुढे प्रतिपक्षाची माणसे टॉमीची गाडी फोडतात, तेव्हा तो जीव मुठीत धरून सालिएरीच्याच दाराशी येतो. येथून तो त्या घरचे मीठ खाऊ लागतो.

हा सालिएरी म्हणजे आरडाओरड करणारा राक्षस नव्हे. वयस्क, जाडजूड, सभ्य वेषाचा, शांतपणे बोलणारा असा हा गृहस्थ आहे. तो वारंवार निष्ठेची आणि कुटुंबाची भाषा बोलतो, आणि खून मात्र दुसऱ्यांच्या हातून करवितो. त्याचा जुना मित्र व कारभारी फ्रँक हिशेबाच्या वह्यांसह फितूर झाल्याचे कळताच तो दुःखी होतो, आणि त्याच दुःखी मुद्रेने त्याला ठार मारण्याची आज्ञा टॉमीला देतो. टॉमीला ते करवत नाही. तो फ्रँकला बायकामुलीसह गुपचूप जाऊ देतो. पुढे चिरुटांच्या खोक्यांत लपविलेले हिरे सापडतात, आणि धनी आपल्याशीसुद्धा खरे बोलत नाही हे टॉमी व त्याचा सोबती पॉली यांच्या ध्यानी येते. दोघे धन्याच्या परवानगीवाचून एक पेढी लुटतात. पॉली मारला जातो. टॉमीने पूर्वी दिलेले जीवदानही उघडकीस येते, आणि त्याचा दुसरा जिवलग मित्रच त्याला मारावयास उभा राहतो. त्यातून वाचलेला टॉमी १९३८ साली एका पोलीस अधिकाऱ्यासमोर बसून सर्व हकीकत सांगतो. किंबहुना सारा खेळ म्हणजे या माफीच्या साक्षीदाराची जबानीच होय.

अशा कल्पित कथेचा इतिहासाशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध बराच जवळचा आहे.

खेळाचा आरंभ ज्या १९३० सालात होतो, त्याच साली न्यूयॉर्कमध्ये जो मासेरिया आणि साल्व्हातोरे मरान्झानो या दोन इटालियन टोळीनायकांचे युद्ध पेटलेले होते. त्याच साली जोसेफ व्हॅलाची नावाचा एक तरुण मरान्झानोच्या पक्षात शपथबद्ध झाला. मेजावर पिस्तूल व सुरी ठेवलेली, तळहातावर कागद जळत असलेला, आणि गुपित फोडल्यास आपणही असेच जळावे असा शपथेचा आशय, असे वर्णन त्याने स्वतःच पुढे केले. गंमत अशी की हा व्हॅलाचीही मूळचा गाडी हाकणाराच. चोरांच्या टोळीची पळून जाण्याची मोटार तो चालवीत असे. १९३१ च्या एप्रिलात मासेरिया मारला गेला व मरान्झानो सर्वश्रेष्ठ झाला. परंतु विजय मिळताच त्याला आपल्याच साह्यकर्त्यांचा संशय येऊ लागला. कोणाकोणाला संपवावयाचे याची यादी त्याने केली, आणि तीत लकी लुचियानो व व्हितो जेनोव्हेसे यांची नावे होती, असे व्हॅलाची सांगतो. यादी अमलात येण्यापूर्वीच, १० सप्टेंबर १९३१ रोजी, सरकारी अधिकाऱ्यांच्या सोंगाने आलेल्या मारेकऱ्यांनी मरान्झानोला त्याच्या कचेरीतच ठार केले.

त्या यादीतून वाचलेल्या जेनोव्हेसेने यावरून काही बोध घेतला असेल असे वाटते. पण तसे झाले नाही. १९५७ साली तो टोळीचा सर्वाधिकारी बनला, १९५९ साली मादक द्रव्यांच्या कटात त्याला १५ वर्षांची शिक्षा झाली, आणि अटलांटाच्या तुरुंगात तो व व्हॅलाची एकाच कोठडीत आले. तीस वर्षे चाकरी केलेल्या या माणसाविषयी, तो सरकारला मिळाला आहे, असा संशय म्हाताऱ्याच्या मनात शिरला. व्हॅलाचीच्या सांगण्याप्रमाणे, एके रात्री जेनोव्हेसेने पिंपातल्या एका नासक्या सफरचंदाची गोष्ट काढली, आणि मग जुन्या स्नेहाखातर म्हणून त्याचे चुंबन घेतले. त्या मंडळींत अशा चुंबनाचा अर्थ काय होतो हे व्हॅलाची जाणून होता. धृतराष्ट्राची मिठी ती हीच.

येथे मात्र पुतळा पुढे करणारा कोणी नव्हता. भीतीने भ्रमिष्ट झालेल्या व्हॅलाचीने २२ जून १९६२ रोजी, आपला मारेकरी समजून, एका भलत्याच कैद्याचा लोखंडी नळीने खून केला. त्या बिचाऱ्याचा या प्रकरणाशी काडीचाही संबंध नव्हता. खेळातील टॉमी दया दाखविल्यामुळे संकटात सापडतो. खरा साक्षीदार एका निरपराध्याच्या रक्तात हात माखून सरकारच्या दाराशी आला. हा भेद आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो, आणि खेळ रचणाऱ्यांनी येथे आपल्या नायकावर मेहेरनजर केली आहे, असे म्हटल्यावाचून राहवत नाही.

१९६३ च्या शरदृतूत व्हॅलाचीने अमेरिकन सिनेटच्या समितीपुढे साक्ष दिली. टोळ्यांची रचना, त्यांचे नायक, त्यांचे ‘कोसा नोस्त्रा’ हे नाव, सारे दूरचित्रवाणीवरून लोकांनी ऐकले. जो व्हॅलाची कदाचित मुकाट्याने तुरुंगातच मेला असता, त्याचे तोंड जेनोव्हेसेच्या संशयाने उघडले. सालिएरीच्या बाबतीत खेळाच्या कर्त्यांनी हेच दाखविले आहे, आणि तेवढ्यापुरती त्यांची दृष्टी आम्हांस खरी वाटते.

याच घराण्याची पुढची पिढीही पाहण्यासारखी आहे. व्हिन्सेंट जिगांते हा जेनोव्हेसेच्या टोळीचा पुढचा नायक. अंगावर झोपण्याचा झगा घालून, स्वतःशी पुटपुटत, तो न्यूयॉर्कच्या रस्त्यांतून वर्षानुवर्षे हिंडत असे. हेतू हा की न्यायालयाने आपणांस वेडा समजून सोडून द्यावे. १९९७ साली तो दोषी ठरला, आणि वेडाचे सोंग केल्याची कबुली त्याने २००३ साली दिली. इतका कष्टाळू नट रंगभूमीला मिळाला असता तर बरे झाले असते!

शेवटी एका गोष्टीत मात्र खेळाने इतिहासाची साथ सोडली आहे. कथेत सालिएरी तुरुंगात जातो, तरी १९५१ साली दोन माणसे टॉमीच्या अंगणात येतात, सालिएरींचा नमस्कार कळवितात आणि त्याला गोळी घालतात. त्यामुळे खेळणाऱ्या मुलाच्या मनावर असा ठसा उमटतो की, डॉनचा हात सर्वत्र पोहोचतो. प्रत्यक्षात जेनोव्हेसेचा हात व्हॅलाचीपर्यंत कधीच पोहोचला नाही. १४ फेब्रुवारी १९६९ रोजी तो तुरुंगाच्याच इस्पितळात वारला. त्याने ज्याचे चुंबन घेतले होते तो माणूस त्यानंतर दोन वर्षे जगला, आणि १९७१ च्या एप्रिलात टेक्सासमधील तुरुंगात हृदयविकाराने मरण पावला.