शाई झेलणारा कागद

कागद, कलम, दौत, शाई, दफ्तर. मराठी माणूस लिहायला बसला की त्याच्या भोवतीची ही सगळी मंडळी फारसी-अरबीच्या वाटेने आलेली. शाई म्हणजे मुळात 'सियाही', काळेपणा. म्हणजे 'निळी शाई' म्हणताना आपण 'निळा काळेपणा' म्हणत असतो, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. शिवाजी महाराजांच्या काळात राज्यव्यवहारकोश रचला गेला, दरबारी फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले गेले, तरी लोकांच्या तोंडी कागद तो कागदच राहिला. बोरू तेवढा इथल्या ओढ्याकाठचा, अस्सल देशी. बाहेरून आलेला कागद आणि ओढ्याकाठचा बोरू यांचं जमलं कसं, आणि पुढे फाउंटन पेन आल्यावर ते बिनसलं कसं, हे मला आज सांगायचं आहे. विषय तसा साधा आहे. शाईच्या पेनासाठी लिहायचं पॅड कोणतं घ्यावं, एवढाच. पण त्याचं उत्तर शोधायला आधी दौलताबादेकडे जावं लागतं.

दौलताबादचा किल्ला मागे टाकून खुलताबादचा रस्ता धरला की कागजीपुरा नावाचं गाव लागतं. महंमद तुघलकाने १३२७ साली राजधानी दिल्लीहून दौलताबादला आणली, तिच्याबरोबर कागद करणारी घराणी आली आणि इथं वसली, अशी परंपरा सांगतात. राजधानी परत गेली, कागदी राहिले. जुन्नरलाही कागद होत असे, आणि पुण्याच्या कसबा पेठेत कागदीपुरा हे नाव अजून आहे. हे कागदी बहुतेक सगळे मुसलमान. दौलताबादी आणि जुन्नरी या कागदाच्या जाती मराठी दफ्तरांत ओळखीच्या होत्या.

कागद होत असे तो ताग, अंबाडी, जुनी गोणपाटं, दोरखंड, चिंध्या यांचा. ते चुन्यात भिजवायचं, पायाने चालवायच्या ढेकीखाली कुटायचं, धुवायचं, पुन्हा कुटायचं. मग जमिनीत बांधलेल्या हौदाशी बसून गवताच्या काड्यांच्या चटईवर लगद्याचा पातळ थर उचलायचा. हौदातून चटई वर काढतानाचा जो हेलकावा असतो, त्यावर कागदाची जाडी ठरते. ओले ताव चुन्याच्या गिलाव्याच्या भिंतीवर चिकटवून वाळवायचे. भिंतीवरून उतरवलेला तो ताव दिसायला कागद असतो, पण त्यावर लिहिता येत नाही. बोरू टेकला की शाई चहूकडे पळते. टीपकागद असतो तो, दुसरं काही नाही.

लिहिण्याचा कागद होतो तो यापुढे. तावाला तांदळाची किंवा गव्हाची खळ लावायची, वाळवायचा आणि मग फळीवर ठेवून गुळगुळीत दगडाने नाहीतर कवडीने घोटायचा. दोन्ही बाजूंनी, चकाकी येईपर्यंत. खळीने तंतूंमधल्या फटी बुजतात, घोटण्याने त्या दबतात. मग शाई आत न शिरता वर बसते. आपण 'घोटीव अक्षर' म्हणतो, मुलांना अक्षर घोटायला लावतो. मला नेहमी वाटतं, अक्षराच्या आधी कागद घोटलेला असायचा आणि त्या कागदाखालचे हात कुणाच्या लक्षात राहिले नाहीत.

बोरूची शाईही याच कागदाच्या बेताची. दिव्याची काजळी, बाभळीचा डिंक आणि पाणी, खलात कितीतरी वेळ घोटलेलं. काजळीचे कण बारीक असले तरी ते कणच. ते कागदात मुरत नाहीत, डिंकाच्या जोरावर पृष्ठभागावर बसून राहतात. म्हणून ही शाई ओल्या फडक्याने पुसता येई, आणि पुसली नाही तर शेकडो वर्षं काळीच राहते. पोथीत चूक झाली तर त्यावर हरताळ नावाचं पिवळं खनिज फासून वर दुरुस्त अक्षर लिहीत. पोथीचा कागद पिवळसर, त्यामुळे डाग दिसत नसे. आपण एखाद्याच्या कष्टांवर 'हरताळ फासतो' तो इथून आला. शिवाय हरताळ विषारी, त्यामुळे खळीच्या वासाने येणाऱ्या किड्यांचीही परस्पर सोय होई.

पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे हजारो रुमाल बांधून ठेवलेले आहेत. मोडी म्हणजे हात फारसा न उचलता धावत लिहायची लिपी. खरखरीत, शाई पिणाऱ्या कागदावर ती धावलीच नसती. अठराव्या शतकातल्या मराठ्यांचं राजकारण, वसुली, भाऊबंदकी, स्वयंपाकघराचे हिशेब, हे सगळं आज आपण वाचू शकतो त्यात कारकुनाच्या हाताइतकाच कागद्याच्या कवडीचा वाटा आहे. इतिहासाच्या पुस्तकांत कारकुनाला निदान एक ओळ मिळते. कागद्याला तीही क्वचितच.

आता पेनाकडे येऊ. १८८४ साली अमेरिकेत लुईस वॉटरमनने फाउंटन पेनाचं पेटंट घेतलं. त्याची युक्ती निबाखालच्या जिभेत होती: बारीक खाचांमधून शाई खाली येते आणि तेवढीच हवा वर जाते. शाई खाली येते ती केशाकर्षणाने, म्हणजे दिव्याच्या वातीत तेल चढतं त्याच न्यायाने. पण त्या बारीक खाचांत काजळीची शाई अडकून बसते. म्हणून पेनाची शाई पातळ हवी, पाण्यात पूर्ण विरघळलेल्या रंगाची हवी. इथेच कागदाशी वाद सुरू झाला. कारण कागदाचे तंतू हीसुद्धा बारीक नळ्यांची जाळीच. निब कागदाला टेकला की पेनातलं केशाकर्षण आणि कागदातलं केशाकर्षण यांची रस्सीखेच सुरू होते. कागद थोडा जिंकला तर अक्षर उमटतं. जास्त जिंकला तर शाई फुटते, अक्षराला केस फुटतात, मागच्या पानावर शाई उतरते. कागद अगदीच हरला तर शाई वर तरंगत राहते आणि तळहाताला लागते. माझे वडील उर्दूत हिशेब लिहीत. उजवीकडून डावीकडे जाताना हात नुकत्याच लिहिलेल्या अक्षरांवरून सरके, त्यामुळे त्यांच्या करंगळीची कड कायम निळी असे.

आपल्याकडे पेन आणि शाई दोन्ही लवकर रुजली. १९३१ साली मुंबईत दांडेकर बंधूंनी घोडा छाप शाईची पूड आणि वड्या करायला सुरुवात केली, पुढे त्यांची उंट छाप शाई घरोघरी गेली. त्याच दशकात राजमहेंद्रीचे रत्नम पेनं बनवू लागले होते. स्वदेशीच्या चळवळीने या गोष्टींना बळ दिलं. हातकागदालाही दिलं: गांधीजींच्या ग्रामोद्योगाच्या प्रेरणेतून १९४० साली पुण्यात हातकागदाची संस्था उभी राहिली.

पण शाळेच्या वहीचा आणि पॅडचा कागद गिरणीचाच. या कागदाची गोष्ट १८०७ साली जर्मनीत सुरू होते. मोरिट्झ इलिग या घड्याळजीने राळ आणि तुरटी लगद्यातच मिसळण्याची रीत छापून प्रसिद्ध केली. ताव एकेक करून खळीत बुडवायला नको, घोटायला नको. कागद यंत्रातून बाहेर येतो तोच शाई झेलायला तयार. सोय मोठी होती, पण तुरटीमुळे कागदात आम्ल राहिलं. १९५० च्या दशकात अमेरिकेत विल्यम बॅरो यांनी जुन्या पुस्तकांचे कागद तपासून दाखवलं की पानं पिवळी पडून तुटतात ती मुख्यतः या आम्लाने. तुमच्या घरात आजोबांचं १९४० च्या सुमाराचं पुस्तक असेल तर पान दुमडून पाहू नका, तुटेल. चुन्यातून निघालेला त्याआधीचा दीडशे-दोनशे वर्षांचा जुन्नरी कागद मात्र अजून घडी घालू देतो. आता बहुतेक गिरण्या आम्लाशिवायची नवी खळ वापरतात, तेवढं बरं झालं.

मग बॉलपेन आलं. लास्लो बिरो याने १९३८ साली पेटंट घेतलेल्या या पेनाची शाई तेलकट, दाट. तिला कागदात खळ असली काय, नसली काय, सारखंच. झेरॉक्सच्या यंत्राला तर शाईच नको, तिथे कोरडी पूड भाजून चिकटवतात. ज्याला शाई झेलायची नाही त्या कागदावर गिरणीवाला खळीचा खर्च कशाला करील? एकेकाळी कोणत्याही दुकानातली वही शाईपेनाला चालायची. ती हळूहळू चालेनाशी झाली ती अशी, कुणी काही न ठरवता.

याची किंमत काय असते, हे मी एकदा जवळून पाहिलं. आमच्या भागातले एक जुने कवी, माझ्यापेक्षा पंचवीस वर्षांनी मोठे, आयुष्यभर शाईपेनाने लिहीत. ते गेल्यावर त्यांच्या मुलीने मला अकरा पॅडं आणून दिली. 'काका, यातलं छापण्यासारखं काय ते तुम्हीच काढा.' पहिल्या चार-पाच पॅडांवरचं अक्षर न् अक्षर लागलं. पुढची पॅडं पातळ, स्वस्त कागदाची, आणि काटकसरीच्या सवयीने पाठपोट लिहिलेली. पुढची कविता मागे उतरलेली, मागची पुढे. देवनागरीला फुटकी शाई फार जाचते. आपल्या अक्षरांच्या पोटात गाठी आणि फटी असतात. त्या बुजल्या की 'घ' आणि 'ध' एक, 'भ' आणि 'म' एक. अनुस्वार आहे की शाईचा ठिपका, सांगता येत नाही. एका गझलेच्या मतल्यात 'घर' आहे की 'धर' यावर मी आणि ती मुलगी एक अख्खी दुपार बसलो. वृत्तात दोन्ही बसतात. अर्थही दोन्हींनी लागतो, पण दोन वेगळ्या माणसांचा लागतो: एक घरासाठी झुरणारा, दुसरा कुणाला तरी हात धर म्हणणारा. आम्ही शेवटी 'घर' छापलं आणि तळटीप दिली. सोळा कविता तर लागल्याच नाहीत.

तेव्हापासून मी पॅड निवडताना चोखंदळ झालो असं कुणी म्हणालं तर म्हणू दे.

आता निवड कशी करावी. लोक आधी वजन विचारतात: सत्तर ग्रॅम की शंभर? एक चौरस मीटर कागदाचं हे वजन. त्याने जाडी कळते, खळ कळत नाही. बिनखळीचा शंभर ग्रॅमी कागद शाई पिऊन ढम्म होतो, आणि जपानचा प्रसिद्ध तोमोए रिव्हर कागद अवघा बावन्न ग्रॅमचा असून शाई फुटू देत नाही. (तो करणाऱ्या मूळ कंपनीने २०२१ साली तो बंद केला आणि दुसऱ्या कंपनीने पुढे चालवला, शाईपेनवाल्यांच्या जगात ही सुतकाची बातमी होती.) फ्रान्सचं नारिंगी पुठ्ठ्याचं ऱ्होडिया पॅड १९३४ पासूनचं, त्याची कीर्तीही घोटीव, गुळगुळीत पानासाठीच. हे मिळतं, पण माझ्यासारख्याला कवितेचे कच्चे खर्डे त्यावर लिहायला हात धजत नाही. चांगल्या कागदाचा हाही एक तोटा: माणूस खोडाखोड करायला भितो, आणि खोडाखोडीशिवाय कविता होत नाही.

आपल्या बाजारात 'बाँड' आणि 'लेजर' हे दोन शब्द लक्षात ठेवावेत. बाँड कागद दस्तऐवजासाठी, लेजर हिशेबाच्या वह्यांसाठी. दोन्ही शाईने लिहायचेच म्हणून जन्मले, त्यामुळे त्यांना खळ नीट असते. व्यापाऱ्यांच्या लाल चोपड्या विकणाऱ्या जुन्या दुकानात सुटा लेजर कागद मिळाला तर तो आणून बाइंडरकडून पॅड करून घ्यावं. मी बरीच वर्षं तेच करतो. फुलांच्या पाकळ्या घातलेला शोभेचा हातकागद पत्रिकांना छान, पण त्याचे सुटे तंतू निबात अडकतात. हाताने केलेला म्हणून तो जुन्नरीचा वारस समजू नये; बहुधा त्याला कुणी घोटलेलं नसतं.

पान पारखायची माझी रीत अशी. पॅडमधलं एक पान मागून घ्यायचं, ते देत नसतील तर एक पॅड विकत घेऊन घरी पारखायचं आणि मगच डझनाने आणायचं. भरलेल्या, जरा जाड निबाच्या पेनाने त्यावर 'घ', 'ध', 'क्ष', 'ज्ञ' लिहायचं, एक अनुस्वार द्यायचा, एक जागा दोनदा गिरवायची. मिनिटभराने अक्षरांची कड बघायची आणि पान उलटायचं. यंत्राच्या कागदाची एक बाजू जाळीवर तयार होते, दुसरी वरची. दोन्हींचा स्वभाव सारखा नसतो, म्हणून मागच्या बाजूवरही तेच लिहायचं. शाई वाळायला किती वेळ लागतो ते बोट फिरवून पाहायचं. पाण्याचा एक थेंब टाकला तर आणखी कळतं: चांगल्या कागदावर तो मोत्यासारखा काही वेळ उभा राहतो, वाईटात लगेच शोषला जाऊन पाठ काळवंडते. आणि हे सगळं पावसाळ्यात एकदा पुन्हा करायचं. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर जरूर, कारण उन्हाळ्यात गुणी वाटलेला कागद आषाढात हवेतलं पाणी पिऊन शाई फोडू लागतो. माझी पॅडं जूनपासून दसऱ्यापर्यंत बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात असतात.

लिहिताना पानाच्या एकाच बाजूवर लिहावं. कागद कितीही चांगला असला तरी.