युद्धकार्य आणि स्त्रियांचा मताधिकार

पहिल्या महायुद्धातील सेवेचे बक्षीस म्हणून स्त्रियांना मताधिकार मिळाला, असे सर्रास शिकविले जाते. ब्रिटनच्या 1918 च्या कायद्याने मात्र 30 वर्षांवरील, तेही स्वतःची वा पतीची मालमत्ताविषयक अट पुरी करणाऱ्या स्त्रियांनाच मत दिले. दारूगोळ्याच्या कारखान्यांत राबलेल्या असंख्य तरुणींना 1928 पर्यंत वाट पाहावी लागली. बक्षीस हा शब्द येथे फारसा शोभत नाही.

मुंबई इलाख्यातील स्त्रियांनीही युद्धनिधी जमविला, सैनिकांसाठी कपडे शिवले. परंतु डिसेंबर 1917 मध्ये सरोजिनी नायडूंच्या नेतृत्वाखाली माँटेग्यूंना भेटलेल्या शिष्टमंडळाने, ज्यात बेगम हसरत मोहानीही होत्या, मत मागितले ते प्रजेचा घटक म्हणून. साउथबरो समितीने सामाजिक रूढी व पडदा पुढे करून ही मागणी अकाली ठरविली. तेव्हा 1919 मध्ये हिराबाई टाटा व त्यांची कन्या मिठन यांनी थेट लंडन गाठून बाजू मांडली. निर्णय प्रांतिक कायदेमंडळांवर सोपविला गेला. पुण्यात रमाबाई रानडे यांनी हा प्रश्न लावून धरला आणि 1921 मध्ये मुंबईच्या कायदेमंडळाने ठराव संमत केला. मालमत्तेची अट राहिलीच. त्यामुळे गरीब स्त्री बाहेरच राहिली.

इलाख्याच्या सीमेलगतच्या नगर हवेलीत, म्हणजे खेरडीसारख्या गावांत, पोर्तुगीज अंमल असल्याने हा ठराव लागूच नव्हता. 1954 मध्ये तो अंमल संपला, 1961 मध्ये प्रदेश भारतात विलीन झाला आणि लोकसभेसाठी तेथे प्रथम निवडणूक झाली ती 1967 मध्ये. तोवर संविधानातील प्रौढ मताधिकार आलेला असल्याने खेरडीच्या स्त्रीला मालमत्ता दाखवावी लागली नाही.