आजोबांचा उजवा खांदा आणि इब्ने सीना

आमचे आजोबा नमाजसाठी उभे राहिले की त्यांचा डावा हात कानाच्या पाळीपर्यंत जायचा आणि उजवा छातीपाशीच थांबायचा. लहानपणी मला वाटायचे, ही त्यांची पद्धतच असेल. एकदा मी त्यांच्या शेजारी उभा राहून तसाच एक हात वर, एक हात खाली धरून नियत बांधली. सलाम फेरल्यावर त्यांनी मला जवळ ओढले आणि हसत म्हणाले, “तू दोनों उठा बेटा. मेरा ये वाला बेलचे ने खा लिया.”

बेलचा म्हणजे कोळशाचे फावडे. आजोबा इगतपुरीला रेल्वेत फायरमन होते. त्या वाक्याचा नीट अर्थ लागायला मला चाळीस वर्षे लागली. तोही लागला तो माझाच खांदा आखडल्यावर.

इगतपुरी हे गाव रेल्वेने वाढवलेले. कसारा ते इगतपुरी हा थळ घाट. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने या घाटातली वाहतूक १ जानेवारी १८६५ रोजी सुरू केली. सुमारे १५ किलोमीटरच्या वाटेत गाडी जवळजवळ ३०० मीटर वर चढते आणि चढ ३७ ला १ इतका खडा आहे. एकट्या इंजिनाला तो झेपत नाही, म्हणून कसाऱ्याला गाडीच्या मागे आणखी इंजिने लावतात. त्यांना बँकर म्हणतात. इगतपुरीला बँकर सुटतात आणि गाडी नाशिककडे निघते. १९३० च्या सुमारास कल्याण ते इगतपुरी विजेची इंजिने आली आणि घाटातला धूर गेला. पण इगतपुरीच्या पुढे, मनमाड-भुसावळच्या दिशेने, १९६० च्या दशकापर्यंत कोळसाच होता. आजोबांची सगळी नोकरी त्याच टापूत गेली. हलत्या इंजिनावर पाय रोवून मागच्या टेंडरमधून बेलचा भरायचा, अंगाला पीळ देत वळायचे, भट्टीच्या कोपऱ्याकोपऱ्यात कोळसा पातळ पसरेल असा फेकायचा आणि पुन्हा मागे वळायचे. तासन् तास, महिनोन् महिने हेच काम.

आता खांद्याकडे येऊ. बकरी ईदला ज्यांनी कुर्बानीचे मांस करताना पाहिले आहे त्यांना एक गोष्ट माहीत असेल. रान, म्हणजे मागचा पाय, सोडवताना कसाई सुरीच्या टोकाने सांधा शोधतो. मांडीच्या हाडाचा गोळा कमरेच्या हाडातल्या खोल वाटीत घट्ट बसलेला असतो. दस्त, म्हणजे पुढचा पाय, मात्र फऱ्याच्या हाडासकट मांस कापत गेले की अलगद सुटून येतो. कुठलाही सांधा तोडावा लागत नाही. बकरीला गळ्याचे हाड नसते आणि तिचे पुढचे पाय धडाला केवळ स्नायूंनी टांगलेले असतात.

माणसाचे थोडे वेगळे आहे. आपल्याला गळ्याचे हाड आहे आणि ते छातीच्या मधल्या हाडाला जिथे भिडते, तेवढ्या एकाच जागी आपला सगळा हात धडाच्या सांगाड्याला हाडाने जोडलेला असतो. बाकी फऱ्याचे हाड पाठीवर स्नायूंच्या आधाराने सरकत असते. दंडाच्या हाडाचा गोळा या फऱ्याच्या कडेच्या खळग्यात बसतो. पण हा खळगा इतका उथळ की गोळ्याचा जेमतेम पाव ते तिसरा हिस्सा त्यात मावतो. म्हणूनच हात पुढे, मागे, वर, बाजूला, गोल, कसाही फिरतो; आणि म्हणूनच शरीरातल्या मोठ्या सांध्यांपैकी हाच सर्वांत जास्त वेळा निखळतो.

एक गंमत करून पाहा. डावा हात उजव्या काखेच्या मागच्या बाजूला, फऱ्याच्या खालच्या टोकावर ठेवा आणि उजवा हात बाजूने हळूहळू डोक्यावर न्या. सुरुवातीला टोक फारसे हलत नाही. मग ते बाहेरच्या बाजूला सरकू लागते. हात पूर्ण वर गेला म्हणजे जवळपास १८० अंश फिरला. त्यातले साधारण १२० अंश गोळा आणि खळगा यांचे, तर ६० अंश फऱ्याच्या सरकण्याचे. हे दोन आणि एकचे प्रमाण १९४४ मध्ये अमेरिकेत इनमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजून मांडले.

मग एवढ्या उथळ खळग्यात गोळा टिकतो कसा? खांद्यावरचा जाड, गोल स्नायू, डेल्टॉइड, हात वर उचलतो. पण हात खाली लोंबत असताना त्याची ओढ जवळजवळ सरळ वर असते. तो एकटाच ओढू लागला तर गोळा वरच्या हाडाच्या छतावर जाऊन आदळेल. म्हणून फऱ्यापासून निघणारे चार छोटे स्नायू गोळ्याला कवेत घेऊन खळग्यात दाबून धरतात. डॉक्टर यांना मिळून रोटेटर कफ म्हणतात. हात उचलण्याचे श्रेय डेल्टॉइडला मिळते आणि हे चौघे कातडीखाली दिसतही नाहीत. इगतपुरीच्या माणसाला हे चटकन कळेल. पुढचे इंजिन सगळे पाहतात, मागच्या बँकरकडे लक्ष जात नाही, पण बँकर नसेल तर गाडी घाट चढत नाही.

या चौघांपैकी सर्वांत वरच्याची कंडरा, म्हणजे स्नायूचे हाडाला चिकटणारे टोक, हाडाच्या छताखालच्या अरुंद फटीतून जाते. वर्षानुवर्षे ओझे पेलून ती झिजते आणि कधी तुटते. मग दुसऱ्याने उचलला तर हात वर जातो, स्वतःहून जात नाही. आजोबांचे नेमके तसेच होते. सदरा घालताना ते उजवे मनगट डाव्या हाताने धरून वर नेत आणि बाहीत सारत. त्यांचा खांदा कुणी कधी तपासला नाही, पण आज मला त्या हालचालीचा अर्थ वाचता येतो.

माझे दुखणे निराळे होते. तीन वर्षांपूर्वी डावा खांदा हळूहळू आखडला. मलाही उचलता येईना आणि दुसऱ्यालाही. सांध्याभोवतीची पिशवीच आवळत जाते, तिला फ्रोझन शोल्डर म्हणतात. कुणाच्या तरी सांगण्यावरून मी एका हाड बसवणाऱ्याकडे गेलो. ‘खांदा उतरलाय’ म्हणत त्याने असा हिसका दिला की दोन रात्री झोप नव्हती. पुढे खऱ्या उपचारांच्या काळात घरी बसून मी जुन्या वैद्यकाचा इतिहास वाचत राहिलो, तेव्हा कळले की अशी गफलत फार जुनी आहे. दुसऱ्या शतकातला ग्रीक वैद्य गॅलन कुस्तीच्या आखाड्यात पडला, तेव्हा आखाड्यातल्या लोकांनी त्याचा खांदा काखेत उतरला असे समजून ओढाताण सुरू केली. गॅलनने स्वतःच काख चाचपली. तिथे गोळा नव्हता. निखळले होते ते गळ्याच्या हाडाचे बाहेरचे टोक. त्याने ओढणे थांबवले आणि पट्टी बांधायला लावली.

खांदा बसवण्याचा इतिहास वाचताना एका वस्तूने मला थांबवले. ग्रीकांच्या हिप्पोक्रेटिस परंपरेतला सांध्यांवरचा ग्रंथ खांद्यापासूनच सुरू होतो आणि त्यात काखेत मुसळ देऊन गोळा परत बसवण्याची रीत आहे. आपल्या सुश्रुतसंहितेतही निखळलेल्या खांद्यासाठी काखेत मुसळ देऊन उचलायला आणि मग स्वस्तिकासारखी पट्टी बांधायला सांगितले आहे. मुसळ काय, प्रत्येक घरात असायचे. दुखणे सारखे असले की माणसाचा हात जवळच्या वस्तूकडे जातो. पुढे बगदादमध्ये या दोन्ही धारा एकाच दालनात आल्या. गॅलनचे ग्रंथ अरबीत गेले आणि खलिफांचे वजीर असलेल्या बरमकी घराण्यातील याह्या बिन खालिद यांनी मनका नावाच्या हिंदी वैद्याकडून सुश्रुतही अरबीत आणवला. कुर्तुबाचे अबुल कासिम अल-जहरावी यांनी आपल्या तीस भागांच्या ‘अत्-तस्रीफ’चा शेवटचा भाग शस्त्रक्रियेला दिला आणि त्यात हाडे मोडणे व सांधे निखळणे यांवर स्वतंत्र प्रकरणे लिहिली.

पण मला गुंतवून ठेवले ते इब्ने सीना (९८० ते १०३७) यांनी. ‘अल-कानून’च्या पहिल्याच खंडात हाडांचे वर्णन आहे. दंडाच्या हाडाविषयी ते लिहितात, त्याचा अर्थ असा की, याचे वरचे टोक गोलसर असून फऱ्याच्या खळग्यात सैलपणे बसते आणि या सैलपणामुळे ते वारंवार निखळते. मग हा सैलपणा ठेवला कशाला? त्याला ते दोन कारणे देतात, गरज आणि सुरक्षितता. गरज ही की हात सर्व दिशांना सहज फिरावा. सुरक्षितता अशी की दंडाला नाना हालचाली कराव्या लागल्या तरी त्या सतत चालू नसतात. बहुतेक वेळ दंड स्थिर असतो आणि हालचाल पुढचा हात करतो. त्यामुळे बंध फाटण्याची भीती नाही.

हजार वर्षांपूर्वीचे हे निरीक्षण वाचून मी थक्क झालो. बरेचसे गॅलनकडून आलेले असेल, तरी मांडणी किती स्वच्छ. सांध्याला मोकळीक हवी तर पक्केपणा सोडावा लागतो, हा आजच्या पाठ्यपुस्तकातला पहिला धडा इथे आहे. पण दुसऱ्यांदा वाचताना मी त्या दुसऱ्या कारणाशी अडकलो. बहुतेक वेळ दंड स्थिर असतो. कुणाचा? लिहिणाऱ्याचा, शिकवणाऱ्याचा, दरबारात बसणाऱ्याचा. इगतपुरीच्या फायरमनचा नाही. वखारीतल्या हमालाचा नाही, भातलावणी करणाऱ्या बाईचाही नाही. ज्या अटीवर हा सैल सांधा सुरक्षित होता, ती अटच त्यांच्या कामाने मोडली होती.

आपल्याकडे इब्ने सीनांचे नाव अभिमानाने घेतले जाते. तो अभिमान मलाही आहे. पण मोठ्या माणसांच्या याद्या पाठ करण्यापेक्षा त्यांची रीत उचलावी असे वाटते. त्यासाठी अब्दुल लतीफ अल-बगदादी यांची गोष्ट सांगतो. १२०० ते १२०२ च्या दुष्काळात ते इजिप्तमध्ये होते. माणसे रस्त्यावर मरत होती. कैरोजवळ हाडांचा एक मोठा ढिगारा पडला होता, तिथे ते पाहायला गेले. गॅलनच्या ग्रंथात खालचा जबडा दोन हाडांचा बनलेला आहे असे होते. त्यांनी दोन हजारांहून अधिक कवट्या पाहिल्या. प्रत्येक जबडा एकाच हाडाचा होता. मग त्यांनी लिहिले की गॅलन कितीही थोर असला तरी डोळ्यांनी दिलेली साक्ष त्याच्यापेक्षा अधिक भरवशाची. युरोपात वेसालियसचा शरीररचनेवरचा ग्रंथ आला १५४३ मध्ये, म्हणजे त्यानंतर तीन शतकांहून अधिक काळाने.

या रीतीने पाहिले तर आजोबांचा खांदाही एक साक्ष आहे. इब्ने सीनांना खोटे पाडणारी नाही. त्यांच्या वाक्याची मर्यादा दाखवणारी. घाट चढवणाऱ्या पुलांची, बोगद्यांची, इंजिनांची नोंद रेल्वेच्या इतिहासात आहे. त्या इंजिनांच्या भट्ट्या पेटत्या ठेवताना किती खांदे झिजले, याची नोंद मी कुठे वाचलेली नाही. ती घरांमध्ये आहे, सदऱ्याच्या बाहीत, छातीपाशी थांबलेल्या हातात. आम्ही घरचेच तिला ‘वय झालं’ म्हणत आलो. आजोबा मात्र तसे कधीच म्हणाले नाहीत. त्यांनी नेमके कारण सांगितले होते, बेलचा.

माझा खांदा दीड वर्षात सुटला. भिंतीवर बोटे चालवत रोज एकेक इंच वर जायचे, एवढेच औषध लागले. आजोबांना ते मिळाले असते तरी तुटलेली कंडरा भिंतीवर बोटे चालवून जुळली नसती, हे मला माहीत आहे. तरी ज्या दिवशी माझे दोन्ही हात पुन्हा कानापर्यंत गेले, त्या दिवशी मला शेजारी त्यांची जागा दिसली.

आपल्याही घरात एखाद्याचा हात वर जात नसेल. त्याला डॉक्टरकडे न्याच. पण त्याआधी शेजारी बसून विचारा, हा हात आयुष्यभर काय उचलत होता. उत्तर मिळाले तर लिहून ठेवा.