लाँग क्यूटी सिंड्रोम: जनुकाची एक प्रत चांगली असूनही धोका का?

जनुक तपासणीच्या अहवालात 'एक प्रत सदोष, एक सामान्य' असे लिहिलेले असले की घरचे साहजिकच विचारतात, "म्हणजे आजार अर्धाच ना?" तसे नसते. का, ते समजून घेऊ.

हृदयाचा प्रत्येक ठोका विजेच्या लहरीमुळे पडतो. ठोक्यानंतर पेशी पूर्वस्थितीत येण्यासाठी तिच्यातले पोटॅशियम बाहेर पडावे लागते. ते ज्या सूक्ष्म दारांतून बाहेर पडते, ती म्हणजे पोटॅशियम चॅनेल. ती नीट चालली नाहीत तर ईसीजीवरील क्यूटी हे अंतर लांबते. अशा हृदयाची लय एकाएकी बिघडून माणूस बेशुद्ध पडू शकतो, दगावूही शकतो.

या आजाराच्या पहिल्या प्रकारात केसीएनक्यू१ या जनुकात दोष असतो. त्यावरून बनलेले प्रथिनाचे चार तुकडे जोडून एक दार तयार होते. त्याला केसीएनई१ नावाचे छोटे जोडप्रथिन येऊन चिकटते, हे १९९६ मध्ये कळले. जोडप्रथिन नसेल तर दार पटकन उघडते, पण प्रवाह कमी असतो. ते असले की दार सावकाश उघडते आणि प्रवाह बराच वाढतो. धावपळीत नाडी जलद होते तेव्हा हृदयाला हाच प्रवाह लागतो. म्हणूनच या रुग्णांना पोहताना, धावताना चक्कर येण्याचा धोका जास्त.

आता हिशेब पाहा. निम्मे तुकडे चांगले, निम्मे सदोष आणि जोडणी सरमिसळ. चारही तुकडे चांगले असलेले दार १६ पैकी फक्त १ निघते! काही दोषांत एकच वाईट तुकडा अख्खे दार बंद पाडतो. याउलट, काही दोषांत सदोष प्रतीवरून तुकडाच बनत नाही. तेव्हा दारे कमी बनतात, पण बनतात ती धड असतात आणि आजार बरेचदा सौम्य राहतो. त्यामुळे नुसते जनुकाचे नाव पाहू नका. दोष कोणत्या प्रकारचा आहे, हे हृदयरोगतज्ज्ञांना विचारा.

दोन्ही प्रती सदोष असतील तर बहिरेपणाही येतो, कारण अंतर्कर्णातही हीच दारे असतात. येर्व्हेल आणि लांगे-निल्सन यांनी १९५७ मध्ये नॉर्वेतील अशा एका कुटुंबाची नोंद केली. सहापैकी चार मुले जन्मतः बहिरी होती, त्यांतली तीन अचानक दगावली. जन्मतः बहिऱ्या मुलाला चक्कर येत असेल तर फिट समजून सोडून देऊ नका, ईसीजी काढा.

निदान झाले असेल तर आईवडील आणि सख्ख्या भावंडांचीही तपासणी हवी. बीटा ब्लॉकर गोळ्या बरे वाटते म्हणून स्वतःहून बंद करू नका. ॲझिथ्रोमायसिन, ओंडान्सेट्रॉन, डोमपेरिडोन यांसारखी अगदी रोजच्या वापरातली औषधेही क्यूटी लांबवू शकतात. कोणत्याही डॉक्टरांकडे किंवा औषधाच्या दुकानात गेलात तरी आजाराचे नाव आधी सांगा. जुलाब-उलट्यांत रक्तातले पोटॅशियम घटते, तेव्हा घरी थांबू नका.