महागडे फाउंटन पेन का अडते? कारणे, तपासणी आणि दुरुस्ती

फाउंटन पेन दोनशे रुपयांचे असो वा पन्नास हजारांचे, शाई कागदावर उतरवण्याचे तत्त्व दोन्हींत एकच असते. त्यामुळे भारी किमतीचे पेनही पहिली रेघ उठू न देणे, मध्येच अडणे, निब खरखरणे किंवा टोपणात शाई गळणे असे त्रास देऊ शकते. निवृत्तीला किंवा पदवीला भेट मिळालेली अनेक पेने याच कारणाने कपाटात पडून राहतात. यातले बरेच दोष दूर करता येतात. मात्र दोष नेमका कुठे आहे हे न पाहता घाईने केलेली दुरुस्ती निब कायमची बिघडवू शकते.

जास्त पैसे कशाचे?

महाग पेनाची किंमत मुख्यतः सोन्याची निब, बाहेरचा दांडा, त्यावरचे हाताचे काम आणि ब्रँडचे नाव यांची असते. १४ कॅरेटच्या निबेत सुमारे ५८.५ टक्के, तर १८ कॅरेटच्या निबेत ७५ टक्के सोने असते. पूर्वीच्या आम्लयुक्त शाईने साधे पोलाद गंजत असे, म्हणून सोने वापरले जाऊ लागले. आजचे स्टेनलेस स्टील नेहमीच्या शाईला चांगले टिकते. माँ ब्लाँच्या माइस्टरश्टुक पेनांच्या निबेवर ४८१० हा आकडा कोरलेला असतो. ती माँ ब्लाँ शिखराची पूर्वापार सांगितली जाणारी मीटरमधली उंची आहे. अशा खुणांनी पेनाला ओळख मिळते, पण शाईचा प्रवाह त्यावर ठरत नाही.

शिवाय कागदाला टेकते ते सोने नसतेच. निबेच्या टोकावर एका कठीण मिश्रधातूचा बारीक दाणा जोडलेला असतो. त्याला आजही ‘इरिडियम’ म्हणतात, पण हल्ली त्यात बहुधा ऑस्मियम, रुथेनियम किंवा टंगस्टन यांसारखे धातू असतात. लिखाण गुळगुळीत होणार की खरखरीत, हे या दाण्याच्या घासणीवर ठरते. ती घासणी पेन महाग असले तरी चुकू शकते.

पेन चालते कसे?

निबेच्या मधोमध एक फट असते आणि तिच्यामुळे निबेची दोन पाती होतात. निबेखाली काळी खाचदार पट्टी असते. तिला फीड म्हणतात. बोलताना बरेच जण ‘जीभ’ही म्हणतात. टाकीतली शाई फीडच्या बारीक खाचेतून आणि निबेच्या फटीतून केशाकर्षणाने टोकापर्यंत येते. जेवढी शाई बाहेर जाते तेवढी हवा उलट्या वाटेने आत गेली पाहिजे. ही देवाणघेवाण नीट झाली नाही तर पेन एक तर अडते किंवा गळते. अमेरिकेत लुईस वॉटरमन यांनी १८८४ मध्ये पेटंट घेतलेल्या फीडमागे हाच प्रश्न होता.

या वाटेवर दोष राहू शकेल अशा चार जागा आहेत: टाकी, फीड, फट आणि दाणा. तक्रार नीट पाहिली की जागेचा अंदाज येतो.

लक्षणावरून दोष ओळखणे

*पहिली रेघ उठत नाही, पण एकदा सुरू झाले की पेन नीट चालते.* पेन काही दिवस न वापरता ठेवल्यावरच असे होत असेल, तर टोपण हवाबंद बसत नाही आणि टोकावरची शाई वाळते. जपानच्या प्लॅटिनम कंपनीने २०११ मध्ये ‘३७७६ सेंच्युरी’ या पेनाच्या टोपणात स्प्रिंगवर दाबून बसणारे आतले झाकण दिले, ते याच कारणासाठी. लिहिता लिहिता दर दोन-चार शब्दांनी असे होत असेल, तर संशय दाण्यावर जातो. दाणा जास्त पॉलिश झाला की फटीच्या आतल्या दोन्ही कडा गोल होतात. मग शाई फटीत असूनही कागदाला टेकत नाही. गुळगुळीत कागदावर हा त्रास जास्त होतो. खरखरीत कागदावर किंवा किंचित दाब दिल्यावर तेच पेन चालते.

*रेघ कायम फिकट आणि कोरडी उमटते.* निबेची पाती एकमेकांना फार घट्ट चिकटलेली असतात किंवा फीडमध्ये वाळलेली शाई साचलेली असते.

*अर्धे पान नीट, मग हळूहळू फिकट होत पेन बंद.* टाकीतून फीडपर्यंत शाई पुरत नाही. कन्व्हर्टरच्या अरुंद नळीत शाई पृष्ठताणामुळे मागच्या टोकाला अडकून बसते. पेन हलके टिचकवल्यावर ती खाली उतरत असेल, तर कारण हेच.

*एकाच दिशेने खरखर.* दोन पाती एका पातळीत नाहीत. सगळ्या दिशांना खरखर होत असेल, तर दाणाच खडबडीत आहे.

*थेंब पडणे, टोपणात शाई.* टाकीत शाई कमी आणि हवा जास्त असली की हाताच्या उबेने हवा प्रसरण पावते आणि शाई बाहेर ढकलते. ड्रॉपरने शाई भरायच्या पेनांत हे नेहमीचेच. विमानातही बाहेरचा दाब कमी झाल्याने असेच होते. म्हणून प्रवासात पेन पूर्ण भरलेले किंवा पूर्ण रिकामे ठेवावे आणि निब वरच्या बाजूला असावी.

एक सोपी चाचणी

पेन धुऊन, पुसून कोरडे करावे आणि टाकी न भरता फक्त निब शाईत बुडवून काही ओळी लिहाव्यात. असे लिहिताना पेन नीट चाललेे, तर निब ठीक आहे आणि दोष टाकीत किंवा फीडमध्ये आहे. तरीही अडत असेल, तर दोष फटीत, दाण्यात किंवा कागदात आहे. तळहाताचा तेलकटपणा लागलेल्या कागदावर चांगले पेनही अडते, म्हणून चाचणी नव्या कागदावर करावी.

घरी काय करावे?

दुरुस्ती नेहमी सर्वांत निरुपद्रवी उपायापासून सुरू करावी.

१. धुणे. साधे, थंड किंवा कोमट पाणी भरून रिकामे करत राहावे, पाणी स्वच्छ येईपर्यंत. नव्या पेनात कारखान्यातले तेल राहिलेले असू शकते. त्यासाठी पेलाभर पाण्यात भांड्यांच्या द्रव साबणाचे एक-दोन थेंब टाकावेत आणि नंतर पेन साध्या पाण्याने पुन्हा धुवावे. वाळलेली शाई असेल तर फक्त निबेचा भाग रात्रभर पाण्यात ठेवावा. लाखकाम किंवा लाकूड असलेला दांडा बुडवू नये.

२. शाई बदलणे. कोरड्या चालणाऱ्या पेनात जास्त प्रवाही शाई भरली की बराच फरक पडतो. चकाकीचे कण असलेल्या शाया फीडमध्ये साचतात. चित्रकलेची काळी ‘इंडिया इंक’ फाउंटन पेनात कधीही भरू नये. तिच्यातली लाख वाळली की खाचा बंद होतात.

३. हात बदलणे. बॉलपेनच्या सवयीने दाबून लिहिल्यास पाती फाकतात. फाउंटन पेन कागदाशी साधारण ४५ अंशांत, वजन न टाकता चालवायचे असते. निब बोटांत फिरून तिरकी टेकत असेल, तरीही रेघ तुटते.

४. भिंगातून पाहणे. घड्याळजी वापरतात तसे दहापट भिंग घेऊन निब उजेडासमोर धरावी. फट टोकाकडे अरुंद होत गेलेली आणि दोन्ही पाती सारख्या उंचीवर दिसली पाहिजेत. फटीत कागदाचा तंतू अडकला असेल, तर पितळेचा अतिशय पातळ पत्रा त्यातून हलकेच फिरवून तो काढता येतो. ब्लेड किंवा टाचणी वापरू नये.

काय करू नये?

अल्कोहोल किंवा अॅसिटोनने दांड्याचे प्लास्टिक खराब होते. गरम पाण्याने एबोनाइटचा रंग उडतो. निब ओढून काढण्याचा मोहही टाळावा. पेलिकनच्या सूव्हरेन मालिकेत निबेचा संच हाताने फिरवून निघतो, पण प्रत्येक पेनाची रचना तशी नसते. काहींना खास हत्यार लागते आणि जोर लावल्यास फीडच्या बारीक पट्ट्या तुटतात.

सर्वांत मोठे नुकसान पॉलिश पेपरने होते. खरखर जाईल या आशेने निब त्यावर घासली जाते आणि दोन मिनिटांत दाण्याचा आकार जातो. झिजलेला दाणा परत येत नाही. नवा दाणा बसवणे हे मोजक्याच कारागिरांचे काम आहे आणि सोन्याची नवी निब हा पेनाच्या किमतीचा मोठा भाग असतो. सोन्याची पाती नखाने वाकवून सरळ करण्याचा सराव आधी स्वस्त स्टीलच्या निबेवर करावा. महागड्या निबेवर नाही.

कंपनीकडे कधी जावे?

धुणे, शाई आणि कागद बदलणे, बुडवून चाचणी एवढे करूनही पेन अडत असेल आणि पेन नवे असेल, तर पुढचे काम कंपनीचे किंवा विक्रेत्याचे आहे. निबेला हत्यार लावल्यावर हमी सहसा मिळत नाही, म्हणून हा निर्णय आधी घ्यावा. काही कंपन्या खरेदीनंतर ठरावीक काळात निबेची जाडी बदलून देतात. ही अट बिल घेतानाच विचारावी. तक्रार देताना ‘पेन चालत नाही’ एवढेच न लिहिता कोणती शाई, कोणता कागद, किती ओळींनंतर आणि कोणत्या दिशेने अडते हे लिहावे आणि अडलेल्या लिखाणाचा नमुना जोडावा. नाहीतर तिथे दोन ओळी नीट उमटतात आणि पेन जसेच्या तसे परत येते.

हमी संपलेल्या पेनासाठी निब घासून देणारे जाणकार असतात. त्यांना ‘निबमायस्टर’ म्हणतात. ते लिहिणाऱ्याचा हात, दाब आणि पेनाचा कोन विचारून घासणी करतात.

घेतानाची काळजी

महाग पेन शक्यतो दुकानात शाईत बुडवून, आपल्या नेहमीच्या कागदावर आणि आपल्या सहीने तपासून घ्यावे. जपानी कंपन्यांची ‘फाइन’ निब युरोपीय ‘फाइन’पेक्षा सहसा बारीक असते, त्यामुळे फक्त नावावर जाऊ नये. भेट म्हणून पेन देताना बिल आणि हमीपत्र सोबत द्यावे. आणि पेन काही आठवडे वापरायचे नसेल, तर शाई काढून, धुऊन, कोरडे करून ठेवावे. उन्हाळ्यात शाई आटून घट्ट होते, तर पावसाळ्यात टाकीत बुरशी धरू शकते.