पहाणीतला एक शब्द

आपल्या ग्रुपवर काचीगुडा, सुलतान बाजारच्या आठवणी बऱ्याच आल्या. मी आज तळ्याची सांगतो. माझी सगळी नोकरी हैदराबादच्या बँकेत झाली, तेव्हा गोष्टीत कागद येणारच.

गंडीपेटचं पाणी प्यालेला माणूस हैदराबाद सोडत नाही, असं आमच्याकडे म्हणतात. गंडीपेट म्हणजे उस्मान सागर. 28 सप्टेंबर 1908 ला मुसीला महापूर आला आणि हजारो माणसं गेली. मग निजामाने विश्वेश्वरय्यांना बोलावलं. त्यांच्या योजनेतून शहराच्या वरच्या अंगाला दोन तलाव झाले, 1920 मध्ये उस्मान सागर आणि 1927 मध्ये हिमायत सागर. पूर अडला आणि प्यायला पाणीही मिळालं.

शहर वाढलं तशी या तलावांकडे येणाऱ्या ओढ्यांवर वस्ती चढू लागली. म्हणून मार्च 1996 मध्ये सरकारी आदेश निघाला, जीओ 111. तलावांपासून 10 किलोमीटरच्या आतली 84 गावं त्यात आली. तिथे प्रदूषण करणारे कारखाने, मोठी हॉटेलं, कॉलन्या यांना बंदी. ले-आउटमध्ये 60 टक्के जागा मोकळी आणि रस्त्यांसाठी सोडायची. पुढे सरकारनेच एका कारखान्याला सूट दिली, ती डिसेंबर 2000 मध्ये सुप्रीम कोर्टाने रद्द केली.

मोठ्या तलावांना असं कुंपण मिळालं. शहरातल्या लहान तळ्यांचं मात्र वेगळं. त्यांच्या बाजूने बहुधा पहाणीतला एकच शब्द उभा असायचा.

महाराष्ट्रात सातबारा, तशी आमच्याकडे पहाणी. 1988 साली धाकटा भाऊ एका प्लॉटचे कागद घेऊन आला. "दादा, तू बँकेत आहेस, एकदा बघून घे." मी बघितले. मालकी चोख होती, बोजा नव्हता, पंचायतीचा शिक्का होता. जमिनीच्या प्रकारात 'शिखम' लिहिलं होतं. शिखम म्हणजे तळ्याच्या पोटातली जमीन. पाणी ओसरलं की तिथे पीक घ्यायचं, पण घर बांधायचं नाही. तो शब्द मी वाचला होता. पण तळं कोरडं होतं, पोरं क्रिकेट खेळत होती, आणि प्लॉट भावाच्या ऐपतीतला होता. मी म्हटलं, "घे, काही होत नाही."

ऑगस्ट 2000 मध्ये एका दिवसात 24 सेंटीमीटर पाऊस पडला. भावाच्या घरात छातीएवढं पाणी. आई तेव्हा त्याच्याकडेच होती. शेजाऱ्यांनी तिला गच्चीवर नेलं म्हणून वाचली. वडिलांचे फोटो, तिची ट्रंक, सगळं गेलं. भाऊ मला एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

पुढे बांधकामाच्या नियमांत स्पष्ट आलं: तळं पूर्ण भरल्यावर पाणी जिथवर येतं, त्या रेषेच्या आत बांधकाम नाही. 10 हेक्टर आणि त्याहून मोठ्या तळ्यांना वर 30 मीटरची पट्टी, लहान तळ्यांना 9 मीटरची. भावाचं घर त्या रेषेच्या आतच होतं.

एप्रिल 2022 मध्ये जीओ 111 ची बंधनं उठवली. शहराला आता कृष्णा-गोदावरीचं पाणी येतं, असं कारण दिलं गेलं. त्या 84 गावांतल्या शेतकऱ्यांचंही खोटं नाही. पलीकडच्या गावात जमिनी कोटींनी गेल्या आणि यांना स्वतःच्या शेतात मनासारखं बांधता येईना. 26 वर्षं त्यांनी शहरासाठी सोसलं, त्याची भरपाई व्हायलाच हवी होती. पण ते तलाव फक्त पाणी प्यायला बांधले नव्हते. 1908 सारखा पूर पुन्हा येऊ नये म्हणून बांधले होते, हे आपण विसरतोय.

मुलांसाठी फ्लॅट बघताना मालकी बघाच, पण तळ्याची रेषाही नकाशावर बघा. मी बघितली नाही. आता भाऊ नाही, म्हणून हे लिहिता आलं.

तुमच्या वस्तीत पूर्वी कुठलं तळं होतं, ते खाली जरूर लिहा.